चेहऱ्यावरचे स्टेरॉइड मलम: दुष्परिणाम कसे ओळखावेत आणि त्यातून कसे बाहेर पडावे

चेहऱ्यावर लाली, खाज, पुरळ किंवा वांग दिसू लागले की बहुतेक घरांत पहिला सल्ला मेडिकलवाल्याचा, शेजारणीचा किंवा पार्लरमधल्या ताईंचा घेतला जातो, आणि त्यातून हाती आलेली छोटीशी ट्यूब दोन-तीन दिवसांत गुणही देते. लाली ओसरते, खाज थांबते, रंग उजळल्यासारखा वाटतो. अडचण सुरू होते ती मलम बंद केल्यावर: काही दिवसांत चेहरा आधीपेक्षा जास्त लाल होतो, जळजळतो, पुरळ उठते, आणि जुना आजार उलटला असे समजून तीच ट्यूब पुन्हा उघडली जाते. हे चक्र महिनोन्‌महिने, कधीकधी वर्षानुवर्षे चालते. या लेखाचा सगळा भर त्या चक्रावर आहे, कारण ते ओळखता आले तर पुढच्या पायऱ्या अवघड नाहीत, फक्त वेळ घेणाऱ्या आहेत.

दाह कमी करण्यासाठी त्वचेवर लावली जाणारी मलमे अनेक प्रकारची असली, तरी चेहऱ्यावर सर्वाधिक वापरली जाणारी आणि सर्वाधिक नुकसान करणारी मलमे स्टेरॉइडची असतात. सांधेदुखीसाठी मिळणारे डायक्लोफेनॅक किंवा केटोप्रोफेनचे जेल हेही दाहशामकच आहे, पण ते चेहऱ्यासाठी नाही. केटोप्रोफेन लावलेल्या जागी ऊन लागल्यास तीव्र प्रतिक्रिया उठू शकते, म्हणून ते चेहऱ्याच्या पुरळावर लावण्याचा प्रयोग कोणीही करू नये. स्टेरॉइड नसलेल्या टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमस या औषधांविषयी पुढे लिहिले आहे.

पहिली पायरी: ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचा

मलमाचे दुकानी नाव काहीही सांगत नाही. त्याखाली बारीक अक्षरांत छापलेली घटकद्रव्यांची यादी वाचावी, आणि अक्षर लागत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून पाहावा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन, डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुओसिनोलोन, ट्रायअ‍ॅम्सिनोलोन, डेसोनाइड, क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल यांपैकी एकही नाव दिसले तर ते मलम स्टेरॉइडचे आहे. नाव ओळखीचे नसल्यास त्याचा शेवट पाहावा: सोन, लोन किंवा नाइड असा शेवट असेल तर संशय घ्यायला जागा आहे. क्लोबेटासॉल आणि हॅलोबेटासॉल मात्र या नियमात बसत नाहीत, आणि तीच या यादीतली सर्वांत तीव्र औषधे आहेत, त्यामुळे ती नावे वेगळी लक्षात ठेवलेली बरी.

एकाच ट्यूबमध्ये तीन-चार औषधे एकत्र असतील तर अधिक सावध व्हावे. बुरशीवरचे औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन अशी मिश्रणे गजकर्णासाठी सर्रास विकली जातात. वांगासाठी मिळणाऱ्या मिश्रणात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड अशी त्रयी असते. हे दुसरे मिश्रण त्वचारोगतज्ज्ञ मर्यादित काळासाठी, साधारण आठ आठवड्यांपर्यंत, योग्य कारणाने देतात. पण रुग्णाला हवे असते गोरेपण, मुदत संपते तरी ट्यूब संपत नाही, आणि तीच मग बहिणीच्या, वहिनीच्या, मैत्रिणीच्या चेहऱ्यापर्यंत पोहोचते.

घटकांची यादीच नसलेली, डबीत भरून दिलेली किंवा परदेशी म्हणून विकली जाणारी ‘नाइट क्रीम’ लावत असाल तर तिच्यात स्टेरॉइड असू शकते, आणि काहींत पाराही सापडलेला आहे. २०२३ साली केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात अशी गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा आजार आढळल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदवले होते. अशी डबी डॉक्टरांकडे जाताना सोबत न्यावी. फेकून दिल्यास आपण नेमके काय लावत होतो, हे कळण्याचा एकमेव पुरावा हातचा जातो.

चेहऱ्याची त्वचाच इतकी का सोसते

१९६७ साली फेल्डमन आणि मेबॅक या अमेरिकी संशोधकांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिसोन लावून ते किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागावर जेवढे औषध आत गेले, त्याच्या सुमारे सहापट कपाळावर आणि तेरापट जबड्याच्या भागावर गेले. तळहातावर ते प्रमाण एकापेक्षाही कमी होते. म्हणजे हाताच्या इसबासाठी दिलेले मलम गालाला लावले, तर औषध तेच असले तरी मात्रा तीच राहत नाही. पापण्यांची त्वचा तर शरीरातली सर्वांत पातळ त्वचा आहे, आणि तिच्यामागे लगेच डोळा आहे.

दुसरे कारण स्टेरॉइडच्या कामाच्या पद्धतीत आहे. ही औषधे त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करतात, त्यामुळे लावलेली जागा काही काळ फिकट पडते. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी त्यावरूनच स्टेरॉइडची तीव्रता मोजण्याची चाचणी बसवली, आणि जे औषध त्वचा अधिक फिकट करते ते अधिक तीव्र, ही मोजपट्टी आजही वापरात आहे. रुग्ण आरशात ज्याला ‘ग्लो’ म्हणतो तो बऱ्याच अंशी हा फिकटपणा असतो. औषधाचा अंमल उतरला की आकुंचित वाहिन्या पुन्हा फुलतात, आणि बराच काळ दाबून ठेवलेल्या वाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुलतात. चेहरा लालबुंद होऊन पेटल्यासारखा वाटतो तो यामुळे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या सगळ्या अवस्थेला स्टेरॉइडने बिघडलेला किंवा स्टेरॉइडवर अवलंबून राहिलेला चेहरा असे स्वतंत्र नाव दिलेले आहे.

ही काही तुरळक घटना नाही. देशातल्या अनेक केंद्रांत झालेली आणि २०११ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी आहे. तीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतले बरेचसे लोक ते गोरेपणाचे क्रीम म्हणून, साधे रोजचे क्रीम म्हणून किंवा दाढीनंतरचे क्रीम म्हणून वापरत होते, तर काहीजण चक्क मुरुमांवर लावत होते, आणि मुरुमे तर स्टेरॉइडने वाढतात.

दुसरी पायरी: आरशात काय पाहायचे

खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, चेहरा धुऊन अर्ध्या तासाने, कोणतेही क्रीम न लावता आरसा पाहावा. समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, कारण पुढच्या काही आठवड्यांत सुधारणा इतकी हळू होते की फोटोशिवाय ती जाणवत नाही.

गालांवर आणि नाकाच्या बाजूंना लाल-जांभळ्या बारीक रेषा दिसत असतील तर त्या फुगलेल्या केशवाहिन्या आहेत. गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर त्या चटकन दिसत नाहीत, म्हणून त्वचा दोन बोटांनी किंचित ताणून पाहावी. त्वचा पातळ, चकचकीत आणि सिगारेटच्या कागदासारखी बारीक सुरकुतलेली वाटणे हे तिचा जाडपणा घटल्याचे लक्षण आहे. कपाळावर, गालावर आणि हनुवटीवर एकाच आकाराची, एकाच वेळी उठल्यासारखी दिसणारी पुरळे हा स्टेरॉइडमुळे येणारा मुरुमांचा प्रकार होय. नेहमीच्या तारुण्यपीटिकांत काळ्या-पांढऱ्या तोंडाच्या फोडांची सरमिसळ असते, ती यात सहसा नसते. तोंडाभोवती बारीक लाल पुरळ असून ओठांच्या कडेला लागून एक अरुंद पट्टी मात्र स्वच्छ राहिली असेल, तर तो तोंडाभोवतीचा विशिष्ट दाह आहे, आणि त्याचे एक मुख्य कारण स्टेरॉइडची मलमे हेच आहे. स्त्रियांच्या गालांवर व कानशिलांवर नव्याने दाट झालेली लव, जागोजागी फिकट पडलेले डाग, आणि ऊन, चुलीची धग किंवा घाम यांनी लगेच होणारी आग ही आणखी काही लक्षणे आहेत.

एका फसव्या लक्षणाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. गजकर्णावर स्टेरॉइड लावले की खाज आणि लाली दबते, पण बुरशीला मोकळे रान मिळते, आणि चट्ट्याची ती ओळखीची गोल, उठावदार कड पुसली जाते. मग तो चट्टा कधी इसबासारखा, कधी उन्हाच्या अ‍ॅलर्जीसारखा दिसतो, आणि त्यावर आणखी तीव्र स्टेरॉइड दिले जाण्याची शक्यता निर्माण होते. त्वचा हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची चाचणी स्वस्त असून तिचा निकाल लवकर मिळतो. चट्टा पसरत असेल, घरात आणखी कोणाला जांघेत किंवा कमरेला गजकर्ण असेल, तर ही चाचणी डॉक्टरांकडे आवर्जून मागावी. गेल्या काही वर्षांत भारतात गजकर्ण हट्टी आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारे झाले आहे, आणि त्यामागच्या कारणांत स्टेरॉइडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर त्वचारोगतज्ज्ञ अग्रक्रमाने मोजतात.

मलम लावूनही किंवा लावल्यामुळेच दाह वाढत असेल तर मलमाचीच अ‍ॅलर्जी असू शकते. निओमायसिन हे प्रतिजैविक त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. मलम टिकवण्यासाठी घातलेली द्रव्ये, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला मेणचट पदार्थ) आणि क्वचित स्वतः स्टेरॉइडही अ‍ॅलर्जी देते.

तिसरी पायरी: थांबवायचे, पण कसे

मलम सौम्य असेल आणि एक-दोन आठवडेच लावले असेल तर ते सरळ बंद करता येते. महिनोन्‌महिने वापर झाला असेल, किंवा क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोनसारखे मध्यम ते तीव्र औषध असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून मगच थांबवावे. काही डॉक्टर एकदम बंद करून दुसऱ्या औषधांनी त्रास आवरतात. काही जण आधी हायड्रोकॉर्टिसोनसारख्या सौम्य स्टेरॉइडवर आणतात, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असे उतरवत नेतात. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, आणि कोणती निवडायची हे वापराचा काळ, चेहऱ्याची अवस्था आणि रुग्णाची सहनशक्ती पाहून ठरते. स्वतःच्या मनाने उतरवत नेणाऱ्यांचे बहुधा असे होते की लग्न, सण, मुलाखत असे काही निमित्त आले की ‘आजच्यापुरते’ म्हणून मलम लागते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लग्नसराईच्या तोंडावर हा उपचार सुरू करणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी.

बंद केल्यानंतर काही दिवसांत, साधारणतः पहिल्या दोन आठवड्यांत, उलटा भडका उडतो. चेहरा लाल होतो, सुजतो, आग होते, पुरळ येते, नंतर कोंड्यासारखी साले निघतात. हा टप्पा काही आठवडे आणि दीर्घ वापर झालेल्यांमध्ये काही महिनेही चालतो, आणि तो एका सरळ रेषेत कमी न होता मधूनमधून उसळी मारतो. घरच्यांना याची कल्पना आधी द्यावी, कारण ‘डॉक्टरांच्या औषधाने चेहरा बिघडला, आधीचेच क्रीम बरे होते’ हे वाक्य या काळात घरातूनच ऐकू येते आणि पुष्कळांचा उपचार तिथेच सुटतो.

चौथी पायरी: मधल्या काळातली निगा

या काळात चेहऱ्याला लागणाऱ्या वस्तूंची संख्या तीनवर आणावी: साबण नसलेला सौम्य क्लिन्झर, सुगंधविरहित मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चेहरा दिवसातून दोनदा कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावा, टॉवेलने न घासता टिपून घ्यावा, आणि तो किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. ग्लिसरीन, सेरामाइड किंवा पेट्रोलियम जेली असलेली साधी उत्पादने पुरेशी आहेत. पुरळ जास्त असेल तर जेलीसारखा जाड थर टाळून हलके लोशन घ्यावे. सनस्क्रीन झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे, किमान एसपीएफ ३० असलेले निवडावे, कारण चिडलेल्या त्वचेला ते सहसा कमी झोंबते. तेही झोंबत असेल तर काही दिवस टोपी, छत्री आणि ओढणीवर भागवावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात चेहऱ्याची आग वाढतेच. अशा वेळी थंड पाण्यात भिजवून पिळलेला सुती रुमाल पाच-दहा मिनिटे चेहऱ्यावर ठेवल्याने आराम पडतो, पण बर्फ थेट घासू नये.

घरगुती उपायांबाबत मी स्पष्ट मत नोंदवतो. लिंबू, बेसन, मुलतानी माती, टूथपेस्ट, तुरटी, कोरफडीचा ताजा गर आणि हळदीचे लेप यांपैकी काहीही या काळात चेहऱ्यावर नको. यांतल्या काही गोष्टी निरोगी त्वचेला चालत असतील, पण जिचे संरक्षक आवरण विरळ झाले आहे अशा त्वचेला लिंबाचे आम्ल आणि बेसनाचे घासणे सोसत नाही. ब्लीच, फेशियल, वाफ, स्क्रब आणि चेहऱ्याचे वॅक्सिंग थांबवावे. वाढलेली लव पाहून वॅक्सिंगची घाई होते, पण पातळ झालेली त्वचा त्यात सोलली जाऊ शकते, आणि मलम थांबल्यावर काही महिन्यांत लव बहुधा आपोआप कमी होते. पुरुषांनी शक्य असल्यास दाढी ट्रिमरने करावी आणि झोंबणारे आफ्टरशेव्ह बंद ठेवावे.

कोणतेही नवीन उत्पादन थेट चेहऱ्यावर सुरू करू नये. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावून पाहावे. तेथे खाज किंवा पुरळ आले नाही तरच ते चेहऱ्यासाठी घ्यावे.

डॉक्टर काय देऊ शकतात

मुरुमांसारखे किंवा तोंडाभोवतीचे पुरळ असेल तर डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक काही आठवडे पोटातून दिले जाते. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना ते देत नाहीत, म्हणून गर्भधारणेची शक्यता असल्यास न विचारताही सांगावे. दाह आवरण्यासाठी टॅक्रोलिमसचे मलम किंवा पिमेक्रोलिमसचे क्रीम दिले जाते. टॅक्रोलिमस ०.०३ आणि ०.१ टक्के अशा दोन तीव्रतांत मिळते. ही औषधे त्वचा पातळ करत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा आहे, तरी पहिले काही दिवस ती लावल्यावर चांगलीच आग होते आणि ‘हेही सोसत नाही’ म्हणून पुष्कळजण सोडून देतात. बहुतेकांची ही आग आठवडाभरात कमी होते. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवल्यास आणि चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर अगदी पातळ थर लावल्यास ती अधिक सुसह्य होते. टॅक्रोलिमस लावणाऱ्या काहींचा चेहरा मद्य घेतल्यावर एकदम लाल होतो, तो या औषधाचा ज्ञात परिणाम आहे. ओठांवर किंवा गालावर नागिणीचे वा तापामुळे येणारे पाणीदार फोड असताना मात्र ही मलमे लावू नयेत.

काय भरून येते आणि काय येत नाही, याचाही अंदाज आधीच असावा. लाली, पुरळ आणि आग सर्वांत आधी कमी होतात, फिकट डाग हळूहळू रंग धरतात, पातळपणा काही प्रमाणात भरून निघतो. फुगलेल्या केशवाहिन्या मात्र अनेकांत टिकून राहतात, आणि त्या घालवायच्या असतील तर चेहरा शांत झाल्यानंतर लेझरचा विचार करावा लागतो. मूळचे वांगही परत दिसू लागेल, कारण स्टेरॉइडने ते बरे केलेले नसतेच. त्याचा उपचार मग वेगळा करावा लागतो.

स्टेरॉइड खरोखरच लिहून दिले असेल तर

एवढे वाचून स्टेरॉइडचीच धास्ती घेणेही चुकीचे आहे. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचा बाह्य उपयोग दाखवून दिल्यापासून इसबासारख्या आजारांचा उपचारच पालटला. केसांच्या रंगाने किंवा नव्या सौंदर्यप्रसाधनाने चेहरा अ‍ॅलर्जीने सुजला असेल तर सौम्य स्टेरॉइड काही दिवस लावणे हा योग्य उपचार आहे, आणि भीतीने ते न लावल्यास त्रास विनाकारण लांबतो. चार गोष्टी मात्र डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्याव्यात: नेमकी कुठे लावायची, दिवसातून किती वेळा, किती दिवस, आणि थांबवल्यावर काय लावायचे. चेहऱ्यासाठी सौम्य औषधाची मुदत सामान्यतः पाच ते सात दिवसांची असते.

मात्रा मोजण्यासाठी तर्जनीचे टोकाचे पेर वापरावे. ट्यूबमधून त्या पेराच्या लांबीएवढी रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम मलम होते, आणि ते प्रौढ माणसाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. संपूर्ण चेहरा आणि मान यांना अडीच पेरे लागतात, म्हणजे गालावरच्या नाण्याएवढ्या चट्ट्याला तांदळाच्या दाण्याएवढे मलमही पुष्कळ झाले. पापण्यांवर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय काहीही लावू नये. पापण्यांवर दीर्घकाळ स्टेरॉइड लावलेल्यांनी डोळ्यांचा दाब एकदा मोजून घ्यावा, कारण त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतात, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. तान्ह्या बाळाच्या गालांवरच्या पुरळाला घरात पडून असलेली मोठ्यांची ट्यूब कधीही लावू नये. बाळाच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने औषध रक्तात जाण्याचा धोकाही जास्त असतो.

डोळ्याच्या आसपास किंवा नाकाच्या शेंड्यावर पाणीदार फोड, डोळा दुखणे किंवा धूसर दिसणे, ताप, पू, वेगाने वाढणारी सूज, अथवा ओठ-जीभ सुजून श्वासाला अडथळा यांपैकी काही झाले तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पुढची ट्यूब घेण्यापूर्वी

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची आणखी १४ स्टेरॉइड औषधे औषध नियमांच्या अनुसूची एचमध्ये आणली, म्हणजे ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ट्यूबवरची लाल रेघ आणि चिठ्ठीशिवाय न विकण्याची सूचना पाहावी. प्रत्यक्षात अनेक दुकानांत चिठ्ठी विचारलीच जात नाही, त्यामुळे ‘यात स्टेरॉइड आहे का?’ हा प्रश्न ग्राहकानेच विचारायला हवा, आणि बिल मागायला हवे. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हापुन्हा तीच ट्यूब घेणे हेही चिठ्ठीशिवाय घेण्यासारखेच आहे.

मलमाने चेहऱ्याला त्रास झाला असेल तर त्याची नोंद भारतीय औषधसुरक्षा निगराणी कार्यक्रमाकडे रुग्ण स्वतः करू शकतो. या कार्यक्रमाचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगात असून निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. फोन करताना ट्यूब समोर ठेवावी: औषधाचे नाव, बॅच क्रमांक, वापर सुरू केल्याची व थांबवल्याची अंदाजे तारीख आणि झालेला त्रास एवढी माहिती तेथे विचारली जाते.